फुकटची देवदर्शन यात्रा, पंढरपूर अक्कलकोट तुळजापूर : जेवण झकास, पण कुंकवाची शपथ कशाला?

सर्व्हिस कुठली ते आधी सांगते. आमच्या प्रभागातल्या, नगरसेवक व्हायला निघालेल्या एका इच्छुकाने महिलांसाठी मोफत देवदर्शन यात्रा काढली होती, पंढरपूर अक्कलकोट तुळजापूर, शुक्रवारी रात्री निघायचं आणि रविवारी रात्री घरी. मी सासूबाईंसोबत, म्हणजे आईंसोबत गेले होते. इच्छुकाचं नाव आणि पक्ष लिहीत नाहीये, एक तर आम्हाला त्याच गल्लीत राहायचंय, आणि दुसरं म्हणजे नाव लिहिलं की अर्धे लोक म्हणणार तो पक्ष तसलाच, उरलेले म्हणणार आमच्यावरच का घसरता, आणि मुद्दा राहतो बाजूला. पक्ष कुठलाही घ्या, बस तीच असते, उपरण्याचा रंग तेवढा वेगळा.

बाहेरगावच्या लोकांसाठी थोडं मागचं. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार, म्हणजे तेवढी वर्षं इच्छुक मंडळी फ्लेक्सवर वाढदिवस साजरे करत बसलेली. शेवटी मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला, राज्यातल्या २९ महापालिकांचं एकदम, आणि आचारसंहिता लागली १५ डिसेंबरला. त्याच्या आधी आमच्या भागात कोणी काशीला नेतंय, कोणी उज्जैनला, कोणी अष्टविनायक, कोणी कोल्हापूरची अंबाबाई, असा नुसता सपाटा लावला होता. आमची यात्रा मार्गशीर्षातली. गुरुवारचं महालक्ष्मीचं व्रत बऱ्याच जणींचं असतं म्हणून गुरुवार टाळून शुक्रवारी रात्री गाड्या सोडल्या, एवढा विचार केला होता हे मान्य करायला पाहिजे.

आता नावनोंदणी. जनसंपर्क कार्यालयात जायचं, आधार कार्डाची झेरॉक्स आणि मतदान कार्डाची झेरॉक्स द्यायची. मी विचारलं की आधार ठीक आहे, मुक्कामाला लागतं, मतदान कार्ड कशाला? टेबलावरचा पोरगा एकदम गोड बोलला, ताई फॉर्मॅलिटी आहे. मग त्याने मोबाईलवर मतदार यादी उघडली, आमचं नाव शोधलं, यादी भाग क्रमांक लिहून घेतला आणि घरात एकूण किती मतं ते विचारलं. आमची चार म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला आणि आईंना लगेच पुढची सीट मिळाली, गुडघे दुखतात हे सांगायचीसुद्धा गरज पडली नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मूळच्या लातूरकडच्या, तुळजाभवानी त्यांची कुलदेवी, पुण्यात येऊन कितीतरी वर्षं झाली पण मतदान अजून गावाकडेच आहे. त्यांना यायचं होतं फार. मी त्यांना घेऊन गेले ऑफिसात, तर त्यांचं कार्ड बघून तोच पोरगा म्हणाला मावशी पुढच्या वेळी नक्की, या वेळी गाड्या फुल्ल झाल्यात. आमच्या मागून आलेल्या दोघींची नावं मात्र घेतली, त्यांची मतं प्रभागात होती. आता सांगा, त्या अख्ख्या यात्रेत जी बाई खरोखर नवस फेडायला चालली होती तिलाच जागा नाही. राजकीय पक्षांनी भाविकांच्या मागे लागावं का यावर टीव्हीवर तासन्‌तास चर्चा चालतात, पण टेबलावर उभं राहिलं की कळतं, भाविक कोणालाच नकोय, भाविक असलेला मतदार पाहिजे. देवाचं काम फक्त रूट ठरवायचं.

असो, बस. गाड्या चांगल्या होत्या, पुशबॅक सीट, एसी नव्हता पण डिसेंबरात लागतोय कोणाला. पुढच्या काचेवर बॅनर, त्यात विठ्ठल, स्वामी समर्थ आणि भवानीमाता तिघांचे फोटो मिळून जेवढे होते त्याच्या दुप्पट भाऊंचा, म्हणजे आमच्या इच्छुकाचा, एकट्याचा. प्रत्येकीला कापडी पिशवी, स्टीलची पाण्याची बाटली आणि एक शाल, सगळ्यांवर भाऊंचं नाव छापलेलं. शाल बरी आहे, धुतल्यावर नाव जाईल असं वाटलेलं, गेलं नाही. गाडीत एक भजनी मंडळाच्या काकू होत्या त्यांनी हडपसर सोडायच्या आत हरिपाठ सुरू केला आणि यवतपर्यंत अख्खी गाडी टाळ्या वाजवत होती, तो भाग इतका सुंदर झाला की मला वाटलं आपण उगाच नावं ठेवतोय. मग कार्यकर्त्याने माईक घेतला आणि भाऊंवर केलेलं गाणं लावलं. ते गाणं परत येईपर्यंत किती वेळा वाजलं ते विचारू नका, घरी आल्यावर माझी मुलगी ते म्हणायला लागली.

बाथरूमची सोय ही या यात्रेची सगळ्यात कच्ची बाजू. बायकांची यात्रा काढता, त्यात निम्म्याहून जास्त साठीच्या पुढच्या, बऱ्याच जणींना शुगर, आणि सोलापूर रोडला रात्री गाडी कुठे थांबणार हे ठरवलेलंच नाही. एका पेट्रोल पंपावर थांबवली तिथे एकाच टॉयलेटपुढे ही रांग. कार्यकर्ते सगळे पुरुष, एक जरी बाई सोबत दिली असती तर हे पहिल्याच मीटिंगमध्ये लक्षात आलं असतं. आईंनी तर भिगवणनंतर पाणी पिणंच बंद केलं.

पंढरपुरात पहाटे पोचलो. आम्हाला आधीच सांगितलं होतं की पददर्शनाची रांग मोठी आहे, वेळ नाही, मुखदर्शन घ्यायचं. ठीक आहे, विठ्ठल लांबूनही तोच दिसतो, पण मग बाहेर येऊन फोटोसाठी जो वेळ गेला तेवढ्यात रांगेत बऱ्यापैकी पुढे सरकलो असतो. भाऊ स्वतः कारने आले होते, आमच्या आधीच दर्शन उरकून कपाळाला बुक्का लावून उभे. प्रत्येक गाडीतल्या बायकांसोबत वेगळा फोटो, मग सगळ्यांचा एकत्र, मग ड्रोन. नामदेव पायरीच्या समोर चोखोबांची समाधी आहे तिथे आई हात जोडून उभ्या होत्या तर एक पोरगा आला, मावशी जरा सरकता का फ्रेममध्ये येताय.

तिथेच मला एक आठवलं म्हणून सांगते, जरा विषयांतर आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी याच पंढरपुरात उपोषण केलं होतं, हरिजनांना मंदिर खुलं व्हावं म्हणून. त्याच्या आधी महाराष्ट्रभर फिरले, गावोगाव भाविकांपुढे बोलले. म्हणजे राजकारणातला माणूस देवळाच्या दारात गेलाच नाही पाहिजे असं माझं अजिबात म्हणणं नाहीये, गुरुजी काँग्रेसचे आणि समाजवाद्यांचेच की. पण ते भाविकांकडे गेले ते त्यांना न आवडणारं काहीतरी ऐकवायला, ज्यांनी चोखोबांना पायरीच्या बाहेर ठेवलं त्यांना दार उघडायला सांगायला. आमचे भाऊ गेले ते ड्रोन घेऊन. भाविकांना खूश करणं सोपं असतं, शालीत भागतं. त्यांच्याशी वाद घालणारा नेता शेवटचा कधी पाहिलात ते आठवून बघा.

अक्कलकोट मात्र फुल्ल मार्क. दुपारी पोचलो, वटवृक्ष मंदिरात शांतपणे दर्शन झालं, मग अन्नछत्रात महाप्रसाद. आईंचं वाक्य होतं की इथे बघ कोणी कार्ड मागितलं नाही. संध्याकाळी मुक्काम एका मंगल कार्यालयात, गाद्या स्वच्छ, गरम पाणी होतं, आणि रात्रीचं जेवण म्हणजे कडक भाकरी, शेंगाची चटणी, भरल्या वांग्याची भाजी आणि वर शेंगापोळी. आचारी सोलापूरचा होता, त्याला माझ्याकडून स्वतंत्र पाच स्टार. ज्यांचा शनिवार होता त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी आणि दही वेगळं ठेवलं होतं, न मागता. या माणसाला पालिकेचं तिकीट द्या.

आता मेन मुद्दा, रविवारचा. तुळजापूरला दर्शन फार छान झालं, कल्लोळ तीर्थावर थांबून पायऱ्या उतरून आत, आईंचे डोळे भरून आले होते, कितीतरी वर्षांनी ओटी भरली त्यांनी. बाहेर येऊन सगळ्या गाडीत बसलो तर कार्यकर्ता प्रसादाचं कुंकू घेऊन आला आणि प्रत्येकीच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवत गेला. आम्हाला वाटलं लावायला देतोय. मग माईक घेतला आणि म्हणाला, माता भगिनींनो, आता आईच्या दारात आहोत, हातात आईचं कुंकू आहे, सगळ्यांनी माझ्यामागे म्हणायचं, आणि सुरू केलं, मी आई तुळजाभवानीची शपथ घेऊन सांगते की माझं आणि माझ्या घरातलं मत…

गाडीत आधी एकदम शांतता, मग पुढच्या काहीजणी पुटपुटल्या, मागे कोणीतरी हसलं. आईंनी काय केलं, हातातलं कुंकू शेजारच्या बाईच्या कपाळाला लावलं, उरलेलं स्वतःला लावलं, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, झालं बाई माझं. त्या कार्यकर्त्याला काय बोलावं तेच सुचेना. पण सगळ्या जणी आईंसारख्या नसतात हो. आमच्या मागे एक वहिनी होत्या, त्यांचा मुलगा दुसऱ्याच एका इच्छुकाच्या मागे फिरतो, त्यांनी घाबरून शपथ घेतली आणि मग परतीच्या वाटेवर सगळा वेळ एकच विचारत होत्या, मुलाने दुसरीकडे दिलं तर माझ्या तोंडच्या शपथेचं काय, पोराला काही होणार नाही ना? इंदापूर येईपर्यंत भजनी काकू त्यांना समजावत होत्या की देवी असल्या शपथा मोजत नसते. जेवण, गाद्या, शाल सगळं एका बाजूला आणि त्या वहिनींचा चेहरा एका बाजूला. एक स्टार मी तिथेच कापला, नंतर विचार करून अजून एक कापला.

घरी आल्यावर कायदा काय म्हणतो ते शोधलं कारण नवरा म्हणाला की हे सगळे करतात, चालतं. तर चालत नाही. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे, त्यातल्या १२३ व्या कलमात भ्रष्ट आचार कुठले ते दिलेत. लाच देणं आहेच, धर्माच्या नावावर मत मागणं आहे, पण मला माहितीच नव्हतं की देवाचा कोप होईल अशी भीती घालून मत मिळवायचा प्रयत्न करणं हेसुद्धा त्यात सरळ लिहिलंय. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना कुंकू आणि भंडाऱ्याच्या शपथा चांगल्या माहिती होत्या. तो कायदा लोकसभा विधानसभेचा, पालिकेला वेगळा, पण भारतीय न्याय संहितेतही निवडणुकीत असा दबाव आणणं गुन्हाच आहे. अर्थात तक्रार कोण करणार. गाडीतल्या बायका? भाऊंच्या ऑफिसात त्यांच्या घरातली मतं लिहून ठेवलेली असताना?

आणि कोर्टाचं म्हणाल तर आपल्या मुंबईनेच या विषयावर देशाला खटले पुरवलेत. विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक, शिवसेनेचे रमेश प्रभू निवडून आले, बाळासाहेब ठाकरेंच्या भाषणांवरून हायकोर्टाने १९८९ ला ती निवडणूक रद्द केली, सुप्रीम कोर्टाने ११ डिसेंबर १९९५ ला तो निकाल कायम केला आणि पुढे बाळासाहेबांचा स्वतःचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. पण गंमत अशी की त्याच दिवशी मनोहर जोशींच्या केसमध्ये, महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य होईल या वाक्याला कोर्ट म्हणालं ती नुसती आशा आहे, मत मागणं नाही. मग सांताक्रूझची १९९० ची अभिराम सिंह यांची निवडणूक, त्यावरची अशीच केस फिरत फिरत सात न्यायाधीशांपुढे गेली आणि निकाल आला २ जानेवारी २०१७ ला. म्हणजे पाच वर्षांची आमदारकी आणि निकाल सव्वीस सत्तावीस वर्षांनी. चार विरुद्ध तीन असा लागला, चौघे म्हणाले उमेदवाराचाच नाही, मतदाराचा धर्म काढूनही मत मागायचं नाही. तिघांचं, त्यात न्यायमूर्ती चंद्रचूड, म्हणणं होतं की धर्म किंवा जातीमुळे लोकांवर जो अन्याय होतो त्याबद्दल बोलण्यावरच बंदी आली तर कसं चालेल.

आणि मला सांगू का, मी मनातून त्या तिघांच्या थोडी बाजूची आहे. कारण धार्मिक माणसाला धार्मिक म्हणूनच काही गरजा असतात आणि त्या राजकारण्याकडे मागण्यात काही चूक नाही. वारीत दिंडीला पाणी लागतं, फिरती शौचालयं लागतात, रस्ता लागतो, ते कोण देणार, सरकारच ना. मुसलमानांना दफनभूमीला जागा पाहिजे असते, ख्रिश्चनांनाही, ते मागणं धर्माचं पण आहे आणि पालिकेचं पण आहे. आमच्या गाडीतच बायका काय काय बोलत होत्या, एकादशीला आमच्या भागातून आळंदीला थेट बस नाही, दोन बदलाव्या लागतात, गौरी विसर्जनाच्या हौदाजवळ लाईट नाही, निर्माल्याचा कलश भरून वाहतो तरी उचलत नाहीत. एका भावी नगरसेवकाला यापेक्षा सोपा जाहीरनामा कुठे मिळणार? फुकट मिळत होता, गाडीत बसल्या बसल्या. यातलं एक अक्षर कोणी लिहून घेतलं नाही. लिहून घेतलं ते फक्त घरात मतं किती.

म्हणून मी म्हणते की पक्षांनी भाविकांकडे जावं की नाही हा प्रश्नच जरा चुकीचा विचारला जातो. जातातच, सगळे जातात. २०२४ च्या विधानसभेआधीचे काही महिने आठवा. दिंड्यांना प्रत्येकी २० हजार जाहीर झाले, वारकऱ्यांसाठी महामंडळ झालं, सप्टेंबरअखेर देशी गाय राज्यमाता झाली, आणि लगेच ऑक्टोबरात त्याच सरकारने मदरशातल्या डीएड शिक्षकांचं मानधन ६ हजारांवरून १६ हजार केलं. प्रचारात एका बाजूने बटेंगे तो कटेंगे, तर दुसरीकडे एक मौलाना व्हिडिओ करून कोणाला मत द्यायचं ते सांगतायत. ज्यांनी बटेंगेवाली घोषणा दिली त्यांच्याच युतीतले अजित पवार म्हणाले महाराष्ट्रात हे चालणार नाही. म्हणजे कोणाची किती भक्ती आहे ते सोडा, प्रत्येकाने आपापली गाडी काढलेली आहे.

आमचे भाऊही त्यातलेच, ईदला त्यांनी आमच्या मागच्या वस्तीत शीरखुर्म्याचं सामान वाटलं होतं, शेवया, सुकामेवा, दूध पावडर, पिशवीवर हाच फोटो. चांगलं केलं. पण यात्रेच्या गाडीत त्यांचा माणूस माईकवर म्हणाला की आपली एकी दाखवायची, नाहीतर ते लोक एक होऊन मतदान करतात. ते लोक म्हणजे कोण, तर ज्यांना शेवया दिल्या तेच. मला वाटतं इथे खरी चीड येते. शाल देताना दोन्हीकडे सारखीच माया, आणि भीती घालतानाही दोन्हीकडे सारखीच. माझी मैत्रीण त्या वस्तीत राहते, तिला विचारलं तर म्हणाली आमच्याकडे पण असंच काहीतरी बोलून गेले, फक्त ते लोक म्हणजे तुम्ही.

सरकारी योजनेशी तुलना करायची तर मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आहे, जुलै २०२४ ला आली, साठीच्या पुढच्यांसाठी, वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, माणशी ३० हजारांपर्यंत खर्च सरकार करतं आणि सगळ्या धर्मांच्या लोकांना आहे. निवडणुकीच्या तोंडावर आली हे खरंच, आणि ही आयडिया आपली पण नाही, मध्य प्रदेशात शिवराजसिंहांनी २०१२ लाच सुरू केलेली. काहींचा मूळ आक्षेप असा की करातल्या पैशाने तीर्थयात्रा कशाला, आणि तो आक्षेप हलका नाही, हज सबसिडीला सुप्रीम कोर्टाने २०१२ ला दहा वर्षांत बंद करा सांगितलं होतं आणि २०१८ ला ती बंद झाली, मग तोच न्याय सगळीकडे लावा असं कोणी म्हटलं तर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पण वापरणारी म्हणून सांगायचं तर त्यात निदान फॉर्म आहे, नियम आहे, नाकारलं तर कारण लिहून मागता येतं. आम्हाला सासऱ्यांच्या पेन्शनमुळे बसत नाही, ते कळलं आणि विषय संपला. कोणी कुंकू हातात ठेवून काही वदवून घेतलं नाही.

आमच्या नणंदेचं मत एकदम वेगळं आहे तेही लिहिते म्हणजे एकतर्फी नको. ती म्हणते गरीब घरातल्या बाईला आयुष्यात कोण पंढरपूर दाखवतं, नवरा दाखवत नाही, पोरं दाखवत नाहीत, मग निवडणुकीच्या निमित्ताने का होईना गेल्या तर तुझं काय बिघडलं, आणि बायका मूर्ख नाहीत, शाल एकाची आणि मत दुसऱ्याला हे त्यांना बरोबर जमतं. यात बरंच तथ्य आहे. गाडीत एक आजी होत्या, त्यांनी विठ्ठल पहिल्यांदा पाहिला, पुण्यात अख्खा जन्म जाऊन. त्यांचा आनंद मी काढून घेणारी कोण? फक्त नणंदेला मी एवढंच म्हटलं की शालीचं फेडायचं नाही हे आजीला माहिती आहे, शपथेचं फेडायचं नाही हे त्या मागच्या वहिनींना कोण सांगणार.

तर रेटिंग. जेवणाला पाच, मुक्कामाला चार, गाडीला साडेतीन, बायकांच्या सोयीला दीड. दर्शनाला मी कोण मार्क देणार. एकूण पाचातून शपथेचे दोन वजा केले, मावशींना सीट नाकारली त्याचा अर्धा वजा केला, आणि अडीच ठेवले, आई म्हणतात जास्त झाले, नणंद म्हणते कमी झाले. कोणी अशा यात्रेला जाणार असाल तर पाणी आणि गोळ्या स्वतःच्या घ्या, मतदान कार्डाची झेरॉक्स मागितली तर का ते निदान विचारा, आणि गाडीत हातावर कुंकू ठेवलं की लगेच कपाळाला लावून मोकळ्या व्हा. मत गुप्त असतं, भाऊंना कळत नाही आणि कार्यकर्त्याला तर अजिबात नाही.

मावशींचं म्हणाल तर त्या नंतर जानेवारीत एसटीने जाऊन आल्या, स्वारगेटहून तुळजापूर. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तीही राजकारणाचीच योजना, बजेटमध्ये जाहीर करून टाळ्या घेतलेली, पण कंडक्टर मतदान कुठे आहे ते विचारत नाही. मावशींना तेव्हा कुठलं कार्डही दाखवावं लागलं नाही, अर्धे पैसे दिले आणि झालं. ७५ च्या पुढच्या कोणी असतील तर त्यांना पूर्ण फुकट, फक्त वयाचा कुठला पुरावा लागतो ते आधी विचारून घ्या. रात्रीची गाडी घेतली तर पहाटे पोचता आणि सकाळची अभिषेकाची गर्दी सुरू व्हायच्या आत रांगेत लागता येतं, असं मावशी म्हणाल्या.